आवाज ठेवायला एक पेटी

आमच्या ह्यांचं बोलणं गेलं, त्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. ते गेलं ती दिवाळीच्या आसपासची गोष्ट. सकाळी अंगणात वाळत घातलेली सुपारी हाताने उलटत होते, उलटता उलटता उजवीकडे कलले आणि तिथेच सुपारीत बसले. मी ओटीवरून विचारलं, काय होतंय. म्हणाले, "तेच." चहा आणू का विचारलं, तरी "तेच." मला वाटलं चेष्टा चाललीय, कारण चेष्टा करायची ह्यांना खोडच होती आणि सकाळच्या घाईत ती मला कधीच खपायची नाही. मी जरा रागानेच पायरी उतरले, तेव्हा तोंड वाकडं झालेलं दिसलं.

श्रीवर्धनहून आधी माणगावचा दवाखाना, तिथून मुंबई. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि शब्द गेले. कळतं मात्र सगळं. पेपर समोर धरला तर डोळे ओळींवरून फिरतात, भाजीत मीठ कमी असलं तर चेहरा लगेच सांगतो. पण तोंडातून येतं ते एकच. तहान लागली तरी तेच, उकडलं तरी तेच, जावई भेटायला आला तरी तेच. माणगावला बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या म्हणाल्या की असा एखादाच शब्द पुष्कळांच्या बाबतीत मागे उरतो, आणि कोणता उरावा हे कुणाच्या हातात नसतं. माझ्या हातात असतं तर मी दुसरा मागितला असता.

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "अगो" म्हणायचे. वाडीतून अगो, न्हाणीघरातून अगो, भर लग्नमंडपात चारशे माणसांसमोर अगो. माझं माहेर देशावरचं. तिकडे अगं म्हणतात, आणि तेही हळू. सुरुवातीला ह्यांचा तो लांबवलेला ओ मला गुरं हाकल्यासारखा वाटायचा आणि मी मुद्दाम पहिल्या हाकेला जायचे नाही. मग कधी कान तयार झाला ते कळलंच नाही. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा घरात मिक्सर होता, पंप होता, शेजाऱ्यांचा टीव्ही होता, समुद्र तर होताच, पण ही हाक नव्हती. मला ती परत हवी होती. पुढे मी डिस्क, पेट्या आणि वायरींच्या मागे लागले, त्याला लोक छंद म्हणाले, मुलगी वेड म्हणाली. मला फक्त ह्यांच्या तोंडचं अगो ऐकायचं होतं.

हे तालुक्यात व्हिडिओ शूटिंग करायचे. लग्नं, साखरपुडे, हळदी, सत्यनारायण, कबड्डीचे सामने, एकदा तर गाईचं डोहाळजेवणसुद्धा. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत, लगीनसराईत, ह्यांच्यामागे सनगन धरून उभी राहायचे. सनगन म्हणजे हातात धरायचा प्रखर दिवा. त्याच्या धगीने मनगट भाजायचं आणि माझी गोरी नणंद म्हणायची की वहिनी काळी पडली. पुढे कॅमेऱ्यावरच बसणारा छोटा दिवा निघाला आणि माझी सुटका झाली.

कॅमेरा डोळ्याला लावला की ह्यांचं तोंड सुरू व्हायचं. नवरीला मान वर करायला सांगणार, नवरदेवाला पोट आत घ्यायला सांगणार, भटजींना मंगलाष्टकं सावकाश म्हणायला लावणार आणि मधूनमधून माझ्यावर ओरडणार. लग्नघरी जी सीडी द्यायची तिच्यात यातलं काही नसायचं. घरी संगणकासमोर बसून हे आपला आवाज काढून टाकायचे आणि त्यावर गाणी चढवायचे. म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या कपाटांत ह्यांचं काम पडलेलं आहे आणि ह्यांचा आवाज एकातही नाही. तो उरला फक्त कात्री लागण्याआधीच्या मूळ चित्रीकरणात. ते मात्र हे जपून ठेवायचे, आधी कॅसेटवर आणि मग हार्ड डिस्कवर. मोबाइलवर आवाज भरून पाठवणाऱ्यांचा ह्यांना तिटकारा होता. मुलीलासुद्धा ओके एवढंच टाइप करून मोकळे व्हायचे.

मोठ्या वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले, वाडीतल्या निम्म्या पोफळी मोडल्या आणि कॅसेटचं कपाट भिजून त्याचा लगदा झाला. कॅसेटवरचं बरंचसं हे आधीच डिस्कवर उतरवून बसले होते म्हणून वाचलं. पण त्यानंतर ह्यांनी दमट हवेची धास्तीच घेतली. समुद्राकाठच्या माणसाने दमट हवेची धास्ती घेऊन जायचं कुठे? इथे फ्रिजचं दार तीन वर्षांत गंजतं, खिडकीच्या कड्या हातात येतात, टीव्हीची पाठ उघडली तर आत मिठाचा थर. तरी ह्यांनी उपाय शोधलाच. भिजलेला मोबाइल लोक तांदळात ठेवतात, मग डिस्क का नाही, असा तो विचार. आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या आधी वर्षाचं सामान भरतात तेव्हा, ह्यांनी सगळ्या डिस्क जुन्या धोतराच्या तुकड्यांत बांधल्या आणि तांदळाच्या पिंपात पुरल्या. सगळ्यात जुन्या तळाशी. दिवाळी झाली की गुपचूप काढून घ्यायचे, पुढच्या आगोटीला पुन्हा पुरायचे. मला तेव्हा पत्ता नाही, हे मी मागाहून जुळवलं.

मला सांगितलं असतं तर मी तिथेच हात धरला असता, कारण त्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून मी दर वर्षी बोरिक पावडर चोळते. आमच्याकडे घरोघरी चोळतात. पिठाहून बारीक असते ती, धोतराचं कापड तिला काय अडवणार? त्या वर्षी दिवाळीत हे पडले आणि डिस्क पिंपातच राहिल्या. उन्हाळ्यात तांदूळ तळाला गेला आणि माझं माप कशावर तरी खणकलं. गाठोडं सोडलं तर आत ह्यांची सगळी वर्षं होती, पांढरी झालेली. वायर जोडायच्या जागेवरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, एकदोन तर बोट लावताच तुटल्या. रागावणार तरी कुणावर? पावडर माझी, कल्पना ह्यांची, आणि दोघांचाही हेतू वस्तू टिकावी एवढाच होता.

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन मी त्या पिना दोन दिवस घासल्या. गावात कॅमेरे बसवणारा एक दुकानदार आहे. हरिहरेश्वरच्या निम्म्या लॉजवर त्याचेच कॅमेरे आहेत, आणि सातवीत तो माझ्या वर्गात होता. त्याने एकेक डिस्क जोडून पाहिली. काहींनी आवाजच केला नाही, काही नुसत्या टकटक करत राहिल्या. ज्या चालल्या त्यांत माझ्या सनगनच्या काळातली एकच होती. ती चालू झाली तेव्हा दुकानदाराने मला बजावलं की ही आज बोलतेय, उद्या बोलेल असं नाही, तेव्हा मिळेल ते लवकर दुसरीकडे उतरवून घ्या.

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. ती म्हणाली क्लाउडवर टाक. आमच्याकडे इंटरनेटची केबल पोफळीपोफळींवरून येते. झावळी पडली की केबल तुटते आणि पावसाळ्यात झावळ्या पडण्यावाचून दुसरं काही होत नाही. एवढं सगळं वर चढवायचं तर मी मेल्यावरही ते चढतच राहिलं असतं. शिवाय ह्यांचा आवाज कुठल्यातरी परक्या गोदामात जाऊन पडणार, हे मला पटेना. मग तिने तयार पेटी सुचवली. दोन डिस्क मावणारी, पांढरी, देखणी, न बोलणारी. घरातल्या कुठल्याही खोलीत टीव्हीवर, फोनवर तिच्यातलं लावता येतं. तिने माहिती पाठवली आणि मी वाचायला बसले. जन्मभर मुलांचे निबंध तपासलेत. न कळणारं चिकाटीने वाचणं हा माझा धंदाच होता.

वाचल्यावर कळलं की पेटीत नुसतं ठेवणं वेगळं आणि त्यातून काढून दाखवणं वेगळं. आमच्या फायली कॅसेटच्या जमान्यातल्या, आजच्या टीव्हीला त्यांची भाषा कळत नाही. म्हणजे पेटीने त्या वाजवता वाजवता भाषांतर करून द्यायला हव्यात. त्या देखण्या पेटीचा प्रोसेसर दुबळा होता. सामान राखेल, पण भाषांतराला बसवलं की धापा टाकेल. यापेक्षा तगडी पेटी होती, पण ती बिघडली तर मुंबईला पाठवावी लागणार आणि कधी परत येणार ते देव जाणे. आमच्याकडे जी वस्तू उघडता येत नाही ती बिघडली की मेली. मी मुलीला म्हटलं, मला उघडता येणारी हवी. ती म्हणाली, आई, तू पेटी घेतेयस की मिक्सर?

दुकानदाराचं म्हणणं वेगळंच होतं. त्याच्याकडे कॅमेऱ्यांसाठी आणलेल्या डिस्क पडून होत्या, त्या त्याला खपवायच्या होत्या. फुलवून फुलवून सांगत होता.

"बाई, ह्या चोवीस तास चालत्यात. मधी एखादा थेंब सांडला तरी ही आडून राहत न्हाय, पुढं जाते."

त्याला वाटलं हा गुण सांगितला. लॉजच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला तो गुणच आहे. क्षणभराचं चित्र हुकलं तर काय बिघडलं, फाटक तिथेच असतं. पण सांडलेला तो थेंब म्हणजेच अगो असला तर? मी नको म्हटलं. त्याचा चेहरा पडला, तरी मी घेतली नाही. फिरणारा भागच नसलेली, कुरकुर न करणारी डिस्क मुलीने सुचवली, पण आम्हाला लागेल तेवढी मोठी ती आमच्या ऐपतीबाहेरची होती.

शेवटी मी कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप घेतला. बोजड, काळा, पंख्याचा घरघराट करणारा, पण प्रोसेसर भाषांतराला पुरेसा तगडा आणि चार स्क्रू काढले की पोट उघडं. त्यात रात्रंदिवस चालण्यासाठी बनवलेल्या दोन नव्या डिस्क. या दोन डिस्क मी मुद्दाम दोन दुकानांतून घेतल्या, कारण एकाच घाण्यातून निघालेल्या दोन्ही एकदमच जाऊ शकतात असं वाचलं होतं. दिवे गेले की धक्का बसू नये म्हणून बॅटरीचा छोटा यूपीएस. पंख्याच्या तोंडाला बारीक जाळी, वाऱ्याबरोबर मीठ आत जाऊ नये म्हणून. मुलीने फोटो पाहिला आणि भंगार म्हणाली.

दुसरी डिस्क माणगावच्या दुकानातून घेतली, तिथल्या माणसाने मला डिस्कच्या आरशाचा, म्हणजे मिररिंगचा, अर्थ समजावला. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो, एक गेली तर दुसरी घर चालवते. पण एक गेली की ताबडतोब नवी बसवा, म्हणाला, कारण उरलेलीचं वय तेवढंच असतं आणि त्यात सगळा भार तिच्यावर येतो, पुष्कळदा तीही मागोमाग जाते. तो डिस्कबद्दलच बोलत होता. मला मात्र त्याच्या दुकानात एकदम बसायला खुर्ची लागली. त्याने पाणी दिलं आणि उन्हात फिरू नका म्हणाला.

खरं तर हे सगळं निवडायचं काम ह्यांचं. कॅमेऱ्याची एक साधी तिकाटणी घ्यायची तर महिनाभर दुकानं पालथी घालायचे. मी प्रत्येक वस्तूची चित्रं ह्यांच्यासमोर धरली. ही घेऊ का ती? तेच. मोठी घेऊ? तेच. एकदा मी वैतागून फोन पलंगावर टाकला. नव्या डिस्क आल्या तेव्हा त्यातली एक ह्यांच्या डाव्या हातात दिली. ह्यांनी ती जोखली, उलटी केली, लेबल वाचलं आणि छातीवर ठेवून दिली. बराच वेळ परत देईनात. मी मागितली नाही.

पेटी ठेवायची कुठे, हे ठरवायला वेळ लागला नाही. घरात कोरडी हवा एकाच खोलीत आहे. ह्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मुलीने तिथे एसी बसवून दिलाय. ह्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर पेटी बसली आणि जुन्या डिस्कवरचं तिच्यात उतरू लागलं. ती सनगनच्या काळातली डिस्क मधेच अडायची, गरम व्हायची. मी टेबलफॅन तिच्यावर लावून बसायचे. शेवटी तिच्यावरचं बहुतेक सगळं आलं आणि दुसऱ्या दिवशी ती कायमची गप्प झाली. शिवाय पेटीतल्या सगळ्याची तिसरी प्रत करून मी पुण्याला पाठवली. दोन आरसे एकाच घरात असतील तर घर पडल्यावर दोन्ही फुटतात, हे मुलीचं म्हणणं मला पटलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ओळखीचं काहीतरी ऐकवा, कधीकधी त्याच्या आधाराने शब्द येतात. मी ह्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर एक लग्न लावलं. पडद्यावर कुणाची तरी नवरी आणि पडद्यामागून ह्यांचा आवाज, खणखणीत.

"नवरीबाय, मान वर करा जरा. अशी न्हाय. रडायला अजून टाइम हाय."

मी ह्यांच्याकडे पाहत होते. आधी डोळे मोठे झाले, गाल हलले, मला वाटलं हसतायत. मग ओठ त्या आवाजामागे धावू लागले. तेच, तेच, तेच, नुसतं तेच निघत राहिलं, भराभर, वरच्या पट्टीत. ह्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातला रिमोट उडवला आणि तोंड भिंतीकडे केलं. आठवड्याने पुन्हा लावून पाहिलं. तेव्हा ह्यांनी डावा हात कानावर दाबला. एका हाताने एकच कान झाकता येतो. मी टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका.

मग मी एकटीच ऐकू लागले. मुलीचा जुना टॅबलेट स्वयंपाकघरात टेकवून ठेवला. पेटी ह्यांच्या पायथ्याशी कुरकुरायची आणि आवाज माझ्या ओट्यावर यायचा. मी काही लावलं की पेटीतल्या डिस्क जाग्या होतात, ते ह्यांना कळत असणार. पण त्यावर ह्यांनी कधी काही दाखवलं नाही.

आणि अगो मला मिळालं. एक नव्हे, ढीगभर मिळालं. "अगो, लाइट वर घे. वर म्हंजे आभालात न्हाय." "अगो, नवऱ्याच्या नाकाची सावली पार मामांच्या अंगावर गेलीय." "अगो, तू जेवलीस का?" हे शेवटचं मला आठवतच नव्हतं. जेवणाची पंगत चित्रित करता करता विचारलं होतं, आणि मी दिव्यामागून नाही म्हटलं होतं, तेही त्यात आहे. मी ओट्यापाशी हसायचे. हळूहळू उत्तरंही देऊ लागले. घेते वर, घेते. जेवते मग. भाजी फोडणीला टाकता टाकता आमचं असं बोलणं चालायचं. मला बरं वाटायचं, फार बरं वाटायचं. आणि आतल्या खोलीतून तेच आलं की कपाळाला आठी पडायची. पडायची, हे खरं आहे.

आषाढातली दुपार होती. मी वालाचं बिरडं सोलत बसले होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यातून काढून एकेक दाणा सालातून सोडवायचा, हात चिकट होतात, मधे उठता येत नाही. टॅबलेटवर हरिहरेश्वरकडची एक हळद चालू होती. बायकांचा गलका, मागे बेंजो, मधे ह्यांचं ओरडणं. त्यातच अगो आलं. मी मान वरही न करता, हसत म्हटलं, "थांबा जरा, हात ओले आहेत."

हळद संपली, पंगत सुरू झाली. मला राहून राहून वाटत होतं की मघाचं ते अगो वेगळं होतं. त्यात ओरडा नव्हता. लाइट वर घे, खाली घे, असं पुढे काही आलंही नव्हतं. बिरडं संपवून हात धुतले आणि ते पुन्हा ऐकावं म्हणून चित्र मागे नेलं. बायका होत्या, बेंजो होता, अगो नव्हतं. फार मागे गेलं असेल म्हणून पुढे आणलं. नव्हतं. अगदी पहिल्यापासून लावलं आणि कान टॅबलेटला चिकटवून बसले. त्या अख्ख्या हळदीत ह्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. त्या हळदीला मी नव्हतेच. दिवा कॅमेऱ्यावरचा होता.

मग मी धावले.

हे भिंतीकडे नव्हते, दाराकडे तोंड करून होते. डावा हात पलंगाबाहेर लोंबत होता. तांब्या खाली पडला होता, पाणी पार पेटीच्या स्टुलापर्यंत गेलं होतं. ओठ सुकले होते. मी खाली बसले, ह्यांचा चेहरा हातात धरला, अहो, मी ऐकलं, मी आले, पुन्हा म्हणा, एकदाच म्हणा. ओठ हलले. मी कान अगदी जवळ नेला. तेच, म्हणाले, आणि डोळ्यांनी तांब्या दाखवला. मी पाणी आणून पाजलं. तांब्याभर पाणी प्यायले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्यांना आनंदच झाला. गरज फार झाली की एखादा शब्द असा आपोआप निसटतो, म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, पुन्हाही येईल. त्याला आता बरेच दिवस झाले. आलेला नाही. टॅबलेट मी कपाटात ठेवून दिला. पेटी चालू आहे, तिच्यात सगळं दोनदोनदा सुरक्षित आहे आणि पुण्याला तिसऱ्यांदा आहे. मी आता स्वयंपाकघरात काही लावत नाही. मिक्सरसुद्धा दार लावून फिरवते, पुन्हा उघडते आणि ऐकत उभी राहते.

मुलगी फोनवर रडली. आनंदाने रडली. तिला सगळं ऐकायचं होतं, आवाज कसा होता, ओ लांबवला होता का, पूर्वीसारखाच होता का. मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, आई, तू काय म्हणालीस? मी म्हटलं, काही नाही, मी धावत गेले.

मी थांबा म्हणाले होते. आणि ते थांबले.